आठ मिनिटांचं वाचन

बारावीतल्या दोन मुलींच्या इंग्रजीच्या वह्या एका संध्याकाळी माझ्या हातात आल्या. दोघींची कॉलेजं वेगळी, क्लास वेगळे. दिलीप चित्र्यांच्या 'फादर रिटर्निंग होम' या कवितेचं अप्रिसिएशन, म्हणजे रसग्रहण, दोघींनी लिहिलं होतं. त्यातला शेवटचा मुद्दा असतो स्वतःच्या मताचा. दोघींचं स्वतःचं मत एकच होतं, अगदी स्वल्पविरामासकट. लोकलने रात्री उशिरा घरी येणारा एक थकलेला बाप, ना कोणाशी बोलणं, ना मुलांच्या हसण्यात वाटा, अशी ती कविता. दोन्ही वह्यांच्या मते ती 'हृदयस्पर्शी' होती. त्यातल्या एकीचे वडील रोज असेच उशिराच्या गाडीने येतात, हे मला माहीत आहे. तिच्या मतात ते कुठेच नव्हतं.

म्हणून मी कर्जत मार्गावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन मागच्या बाकावर बसले. तिथल्या इंग्रजीच्या मॅडम मुलांकडून कवितेवर शोधलेख लिहून घेतात, असं कानावर आलं होतं. अकरावी-बारावीत इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं, त्यामुळे वर्गात कला शाखेची मराठी माध्यमातून आलेली मुलं भरपूर. तुकडी एकशे वीसची. एका बाकावर तिघं-चौघं, आणि खिडकीतून वडे तळल्याचा वास, जो दुसऱ्या तासानंतर कवितेपेक्षा जास्त लक्ष वेधून घेतो.

मॅडमनी डायजेस्ट दप्तरात ठेवायला लावली, कविता दोनदा मोठ्याने वाचली आणि विचारलं, "याच्या पिशवीत काय आहे?"

"पुस्तकं."

"कशावरून?"

"लिहिलंय की कवितेत."

"बरं. मग तो काम काय करतो?"

बँकेत आहे, गिरणीत आहे, शिक्षक आहे, अशी उत्तरं आली. खिडकीजवळचा एक मुलगा ठामपणे म्हणाला, "क्लार्क आहे, मॅडम."

"कुठून काढलंस?"

"डायजेस्टमध्ये दिलंय."

"आणि डायजेस्टवाल्याला कोणी सांगितलं?"

वर्ग हसला, पण मुलाने मुकाट्याने पुस्तक उघडून कविता पुन्हा वाचायला घेतली. क्लार्क सापडेना. मॅडमनी त्याला पुरतं शोधू दिलं. घाईचा अभ्यासक्रम अंगावर असताना एका मुलासाठी वर्ग असा थांबवायला धीर लागतो.

त्यांची पद्धत मांडायला सोपी आहे. एक पान लिहायचं. त्यात एक मुद्दा स्वतःचा, आणि त्याला आधार तीन: एक कवितेतल्या ओळीचा, एक बाहेरच्या छापील मजकुराचा, एक कोणाशी तरी प्रत्यक्ष बोलून मिळालेला. प्रत्येक आधार कुठून आला ते तिथेच लिहायचं. विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्यांनाही जे धड जमत नाही, ते या मुलांकडून मागायचं, असं मला आधी वाटलं. मुलं मात्र कवितेतला आणि कवितेबाहेरचा पुरावा वेगळा करायला लवकर शिकतात. भांडणात 'तू कुठे बघितलंस?' हे त्यांचं नेहमीचंच असतं.

पानं आली. मॅडम ती हिरव्या पेनाने तपासतात, कारण लाल शाईचा बोर्डाच्या पेपरांनी वीट आणलाय. स्टाफरूममध्ये शेजारी बसून मी बघत होते. "नीट वाचायचं तर एका पानाला आठ मिनिटं," त्या म्हणाल्या. मी घड्याळ लावून पाहिलं. आठच.

एकाने १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, इथून सुरुवात केली होती. समासात हिरव्या अक्षरात: खरं आहे, पण तुझ्या मुद्द्याला याचा काय उपयोग? दुसऱ्याने ३ फेब्रुवारी १९२५ला व्ही. टी.हून कुर्ल्यापर्यंत विजेवरची पहिली गाडी धावली ते घेतलं, आणि अशा गाड्यांमुळेच माणसाला कामापासून इतकं लांब राहता आलं, कवितेतला उशीर तिथून सुरू होतो, असं लिहिलं. त्याला बरोबरची खूण मिळाली, आणि तारखेखाली एक प्रश्न: कुठून घेतलंस?

एका मुलीने कवीचे वडील शोधले. पुरुषोत्तम चित्रे बडोद्याहून 'अभिरुची' हे मासिक काढत. पुढे कुटुंब मुंबईला आलं. म्हणजे पिशवीतली पुस्तकं ही मासिकाचीच असणार, असा तिचा निष्कर्ष. मॅडमनी तिच्यासाठी अर्धं पान खर्च केलं. शोध चांगला, नोंद बरोबर. पण कवितेतला बाप आणि कवीचा बाप एकच, हे कवितेतली कोणती ओळ सांगते? नसेल सांगत, तर 'असणार'च्या जागी 'असू शकेल' लिही.

काही पानं फार गुळगुळीत होती. अशा वेळी मॅडम त्या मुलाला बोलावून स्वतःच्याच दुसऱ्या परिच्छेदाचा अर्थ विचारतात. मोबाइलने लिहून दिलेला परिच्छेद तिथे उघडा पडतो.

मला मात्र एकच पान पुन्हा पुन्हा आठवतं. मुलीचे वडील मस्जिद बंदरला गोदामात काम करतात. कवितेतला बाप गाडीत, घरात कसकसले विचार करतो, पूर्वजांपर्यंत पोचतो. हिने वडिलांना विचारलं, गाडीत काय विचार करता? ते म्हणाले, कसला विचार, बसायला मिळेल का एवढाच. मग तिने तिच्या इंग्रजीत लिहिलं: "माय फादर डू नॉट थिंक इन ट्रेन. ही ओन्ली स्टँड." आणि त्यापुढे मुद्दा: कवितेतल्या बापाच्या डोक्यात काय चाललंय ते मुलाला कसं कळलं? त्याने विचारलं नव्हतं. त्याने ते स्वतःच घातलं.

मॅडमनी पान दोनदा वाचलं. 'डू'चं 'डज' त्यांनी सगळ्यात शेवटी केलं. "हे मला कुठल्याही डायजेस्टमध्ये दाखवा," त्या म्हणाल्या.

त्या मुलीचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, बोर्डात हे लिहू?" उत्तरही सरळ मिळालं. बोर्डात ठरलेले मुद्दे ठरलेल्या क्रमाने लिही, आणि मतात हे एक वाक्य घाल. लेखी पेपर ८० गुणांचा, त्यात कवितेला १४, त्यातले रसग्रहणाला ४. परीक्षकाच्या हातात गठ्ठा असतो, तो मुद्दे मोजतो. मला हे ऐकून वाईट वाटलं, पण मॅडमनी केलं ते योग्यच. मुलीला पास व्हायचं आहे.

त्याच स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सरांना हा सगळा खटाटोप मान्य नाही. घरात पहिल्यांदाच बारावीला पोचलेल्या मुलाला तयार उत्तर हाच आधार असतो, म्हणाले, तो काढून घेऊ नका. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण मग तयार मतही त्याला द्यायचं का? उत्तराची चौकट देणं वेगळं, आणि त्याच्या बापाबद्दल त्याला काय वाटतं तेही छापून देणं वेगळं. कादंबरी विभागाचंही तेच झालंय. १६ गुणांसाठी 'टू सर, विथ लव्ह'सारख्या कादंबऱ्यांचे उतारे आहेत. मुलं सारांश पाठ करतात. अख्खी कादंबरी फक्त मॅडमकडे आहे, एकच प्रत, ती वर्गात फिरते आणि परत येताना थोडी जाड होऊन येते.

आता पुन्हा ती आठ मिनिटं. एकशे वीस पानं, प्रत्येकी आठ मिनिटं, म्हणजे सोळा तास. मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. वर्गात उभं राहून घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात; तपासणीचे नाहीत. ते सोळा तास रात्री, जेवणं उरकल्यावर, घरच्या ओट्याशेजारी जातात. म्हणून दुसऱ्या तुकडीला त्या हे पान लिहायला देत नाहीत. तिथेही एकशे वीस मुलं आहेत.

साहित्य शिकवायचं म्हणजे मुलाचं पान कोणीतरी वाचायला हवं, आणि वाचणाऱ्याला त्याचा वेळ मिळायला हवा. पाठ्यपुस्तकं बदलणाऱ्या समित्यांनी आणि तासांचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थाचालकांनी पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात तपासणीचे तास धरावेत, आणि त्याचं मानधन द्यावं.