गोदावरी-पूर्णेच्या पाण्यावरच्या होड्या आणि बदके

परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते, उत्तरेकडून पूर्णा येते आणि पूर्णा तालुक्यात कंठेश्वरजवळ दोघींचा संगम होतो. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर 1968मध्ये येलदरी धरण पूर्ण झाले. पुढे सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्प आणि गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस हे बंधारे उभे राहिले. दिवाळीनंतर जिथे वाळूच उघडी पडायची, तिथे आता पाणी तुंबून राहते, आणि त्या पाण्यावर बदके उतरतात.

हे पाणी कधी गोठत नाही. ऐन थंडीत परभणीचा पारा तीन-चार अंशांपर्यंत घसरतो, त्यापुढे सहसा जात नाही. तरी पाहुण्या पाणपक्ष्यांचे येणे-जाणे बऱ्याच अंशी बर्फावर अवलंबून असते. तिबेट, मंगोलिया, सायबेरियातली तळी गोठू लागली की चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक आणि पट्ट कदंब दक्षिणेकडे निघतात व मराठवाड्याच्या जलाशयांवर हिवाळा काढतात. हळदी-कुंकू बदक मात्र बारमाही इथलेच.

जलाशयाचा काठ उथळ असतो. बुडालेल्या बाभळी, गाळ आणि पाणवनस्पती यांतून खोल बुडाची होडी जात नाही. म्हणून भोई मासेमारांची साधने हलकी, सपाट बुडाची आणि एका-दोघांपुरती असतात. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वरून डांबर फासतात; पत्र्याच्या होडीला ही यातायात नसते. शिडाचा वापर जवळजवळ नाहीच. नागमोडी पात्र आणि उंच दरडी यांमुळे नदीत वारा एका दिशेने टिकत नाही. वल्हे किंवा लांब वेळू हीच चालना.

सर्वांत जास्त दिसतो तो थर्माकोलचा तराफा. वेष्टनातून आलेले थर्माकोलचे जाड तुकडे एकावर एक रचून साधारण माणसाच्या उंचीइतका लांब ठोकळा करतात. तो खताच्या किंवा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून नायलॉनच्या दोरीने आवळतात आणि ताठपणासाठी बाजूंना बांबू बांधतात. मासेमार त्यावर मांडी घालून बसतो, पुढ्यात तंगूस जाळ्याचा ढीग ठेवतो आणि दोन्ही हातांतल्या छोट्या फळ्यांनी पाणी मागे लोटत जातो. असा तराफा एकटा माणूस खांद्यावर टाकून घरी नेऊ शकतो, आणि गरिबाच्या धंद्यात ही फार मोठी सोय आहे. त्याचे दोषही तितकेच खरे आहेत. पोते फाटले की थर्माकोलचे दाणे पाण्यात पसरतात, आणि दुपारच्या वाऱ्याने लाटा उठल्या की तोल सांभाळणे कठीण जाते. म्हणून जाळी टाकणे-काढणे शक्यतो वारा उठण्याआधी उरकलेले बरे.

पूर आला की गुऱ्हाळाची काहीलही होडी होते. लोखंडी पत्र्याची ही रुंद, सपाट बुडाची कढई तीन-चार माणसे सहज पेलते. दक्षिणेत तुंगभद्रेवर बांबूच्या विणीची गोल टोपली चालते. पूर्वी तिला कातडे मढवत, आता प्लास्टिकचा कागद आणि डांबर. गोल होडीला पुढची-मागची बाजू नसते, त्यामुळे वल्हे बाजूला मारले तर ती जागीच गरगरते. ते पुढे टाकून पाणी स्वतःकडे ओढावे लागते. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेल्या डोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने अशा टोपल्यांची नोंद केली आहे.

बदकांच्या शिकारीसाठी देशात अनेक ठिकाणी होडी लागतही नसे. पाण्यावर रिकामी मडकी सोडून ठेवायची, पक्ष्यांना त्यांची सवय झाली की शिकाऱ्याने तसलेच मडके डोक्यावर घेऊन गळाभर पाण्यातून सरकत जायचे आणि पाय धरून बदक खाली ओढायचे, अशी रीत होती. पक्ष्याला संशय येऊ न देणे हे तिचे सारे मर्म.

हेच मर्म लाकडात उतरवलेली होडी अमेरिकेत सापडते. न्यू जर्सीच्या वेस्ट क्रीक गावातल्या हेझल्टन सीमनने 1836च्या सुमारास सीडरच्या फळ्यांची ‘स्नीकबॉक्स’ बांधली. सुमारे बारा फूट लांब, चमच्यासारखे बूड, वर बाकदार झाकण आणि मध्ये एका माणसापुरते भोक. झाकणावर गवत पसरले की दलदलीत होडी ओळखू येत नसे. तिला वल्हे होते, छोटे शीडही होते, आणि खाडी गोठली की बर्फावरून ओढण्यासाठी बुडाला पट्ट्या होत्या. अशाच होडीतून नॅथॅनियल बिशप ओहायो आणि मिसिसिपी नद्यांमार्गे मेक्सिकोच्या आखाताकडे गेला. त्याचे प्रवासवर्णन 1879मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे बर्फातल्या होडीचा अनुभव काश्मीरचा. दल सरोवर गोठते तेव्हा नावाडी वल्ह्याने बर्फ फोडत वाट काढतात.

भारतात बदकांची शिकार आता गुन्हा आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्यावर काही शिकार चालत असे. 1991च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. मात्र मासळीसाठी लावलेल्या जाळ्यांत बुडी मारणारी बदके अडकून मरतात, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पक्षी उतरतात त्या उथळ काठापासून जाळी दूर लावणे हा त्यावरचा साधा उपाय, आणि तो मासेमारांना विश्वासात घेतल्याशिवाय होणारा नाही.

उजनी धरणाच्या काठी भिगवणला मासेमारांनी वेगळी वाट धरली आहे. रोहित पक्षी आणि बदके पाहायला येणाऱ्यांना ते आपल्याच होड्यांतून नेतात. पक्षी कुठे बसतात, किती जवळ गेल्यावर उडतात हे त्यांना ठाऊक असते. येलदरीच्या भोयांकडेही हे ज्ञान आहे. तिथे पर्यटक न्यायचे तर थर्माकोलचा तराफा चालणार नाही. रुंद बुडाची लाकडी किंवा फायबरची होडी आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवे. 2021च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने इंजिन नसलेल्या होड्यांच्या नोंदणीचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची तरतूद केली आहे.