जुन्या पिकअपचा ईसीएम बदलण्यापूर्वी

तोडलेली कोथिंबीर किंवा टोमॅटो रात्रीतून बाजार समितीत पोचला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला तो भाव राहत नाही. त्यामुळे भरलेली पिकअप सेल्फ मारूनही चालू होईना, की मालक अगतिक होतो आणि गॅरेजमध्ये जे सांगितले जाईल ते मान्य करतो. अलीकडे पुष्कळदा एकच वाक्य ऐकावयास मिळते, "ईसीएम गेला, बदलावा लागेल." नव्या ईसीएमची किंमत जुन्या गाडीच्या मानाने मोठी असते आणि बसविलेला इलेक्ट्रिकल भाग दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून हा निर्णय घेण्यापूर्वी काय तपासून घ्यावे आणि बदलणे भागच असेल तर ते कसे करावे, याची माहिती येथे देत आहोत.

ईसीएम म्हणजे काय?

पूर्वीच्या डिझेल गाड्यांत पंपच इंधन मोजून, योग्य वेळी नोझलकडे पाठवीत असे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे हे काम संगणकाकडे गेले. १ एप्रिल २०१७ पासून नव्या चारचाकी वाहनांना भारत स्टेज ४ हा नियम देशभर लागू झाला व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६. परंतु कॉमन रेल इंजिनाच्या अनेक गाड्या त्याआधीच आल्या होत्या. त्यांतील बऱ्याच आज दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या असून गावोगाव शेतमाल वाहत आहेत.

ईसीएम ही धातूची लहान पेटी असते. इंजिन किती फिरले, रेलमध्ये डिझेलचा दाब किती, पाणी किती तापले, ॲक्सिलरेटर किती दाबला, हे निरनिराळे सेन्सर तिला कळवितात. त्यावरून कोणता इंजेक्टर केव्हा आणि किती वेळ उघडावयाचा हे ती ठरविते. यातील एखादी महत्त्वाची माहिती मिळाली नाही, तर पेटी चांगली असूनही इंजिन चालू होत नाही.

चुनखडीच्या जमिनीत ऊस पिवळा-पांढरा पडतो तेव्हा जमिनीत लोह असते, पण ते मुळांना मिळत नाही. येथेही प्रकार तसाच आहे. पेटी शाबूत असते, तिच्यापर्यंत वीज किंवा माहिती पोचत नाही. अशा वेळी पेटी बदलणे म्हणजे पीक मोडून नवी लागण करण्यासारखे आहे.

आधी वीज आणि अर्थिंग

चावी दिल्यावर डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागतो का ते पाहावे. दिवा लागत असेल आणि स्कॅनर जोडल्यावर ईसीएम उत्तर देत असेल, तर ती पेटी निदान जिवंत आहे. मग सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनाचे फेरे आणि रेलचा दाब पाहण्यास सांगावे. फेरे शून्य दिसत असतील तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर संशयास्पद ठरते. फेरे दिसतात पण दाब चढत नाही, असे असेल तर डिझेल फिल्टर, पाइपमधून शिरणारी हवा आणि पंप यांकडे वळावे. बहुतेक इंजिनांत दाब सुमारे २०० बारपर्यंत चढल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही.

येथे एक धोक्याची सूचना. जुन्या इंजिनात सेल्फ मारत नोझलचा पाइप सैल करून पाहण्याची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये तसे कधीही करू नये. दाब हजार बारच्या वर जातो व डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

दिवाही लागत नाही आणि स्कॅनरही बोलत नाही, अशा वेळी "ईसीएम गेला" हा निष्कर्ष लगेच निघतो. नेमक्या याच वेळी घाई करू नये. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना ते १० च्या बरेच खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहावेत. मग फ्यूज. त्यानंतर मुख्य रिले. तसाच दुसरा रिले गाडीत असेल तर त्याच्याशी अदलाबदल करून पाहता येते, खर्च काहीच नाही.

पुढची चाचणी बहुतेक ठिकाणी होत नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. वायर आतून गंजून तिची एकच तार शिल्लक राहिली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवितो, कारण मीटर स्वतः वीज जवळजवळ ओढतच नाही. ईसीएम मात्र ओढतो आणि तेथे वीज कमी पडते. म्हणून वायरवर भार देऊन पाहिले पाहिजे. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज घेतो. ईसीएमचा कपलर काढून ज्या जाड वायरीतून त्याला वीज येते, त्या वायरीवर हा बल्ब लावावा. दुसरे टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्यावे. बल्ब पूर्ण तेजाने लागला पाहिजे. अर्थिंगच्या वायरी पाहताना याच्या उलट, दुसरे टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला द्यावे. मिणमिणता लागला तर दोष सापडला. मात्र सेन्सरच्या बारीक वायरींवर हा बल्ब कधीही लावू नये. वायरिंगचा नकाशा समोर असल्याशिवाय तर मुळीच नाही.

इंजिनाचे अर्थिंग पाहणे त्याहून सोपे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला व दुसरे इंजिनाच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारावा. पाव व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी काढून, घासून, पुन्हा घट्ट आवळावी.

आपल्या गाड्यांत हे दोष का येतात, हेही लक्षात घ्यावे. धान्य आणि पेंड ठेवलेल्या शेडमध्ये गाडी उभी राहिली की उंदीर वायरीचे आवरण कुरतडतात. खताची पोती वाहताना सांडलेला युरिया ओल धरतो आणि टर्मिनल हिरवी पडतात. फवारणीच्या पंपाने इंजिन धुण्याची सवय तर फारच पसरली आहे. ते पाणी कपलरमध्ये शिरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्रास देते. तोपर्यंत धुतल्याचे कोणाच्या लक्षातही नसते.

पाच व्होल्टचा पुरवठा

अनेक सेन्सरना ईसीएम स्वतः ५ व्होल्ट पुरवितो. त्यांतील एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला, तर त्या फाट्यावरील सगळ्यांचाच पुरवठा बसतो आणि कधी कधी ईसीएम मेल्यासारखा वागतो. चावी देऊन सेन्सरच्या कपलरवर व्होल्ट मोजावेत. पाचाऐवजी शून्य किंवा एक-दोन दिसले तर एकेका सेन्सरचा कपलर काढत जावे. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तो सेन्सर बिघडलेला आहे. सेन्सर ईसीएमच्या मानाने पुष्कळच स्वस्त असतो. सगळे काढूनही पुरवठा परत येत नसेल तर त्यांच्याकडे जाणारी वायर चेसिसला कोठे घासली आहे ते शोधावे. वायरही ठीक असेल, वीज आणि अर्थिंगही पूर्ण मिळत असेल, तरच ईसीएमला दोषी धरावे.

बदलताना

ईसीएम खरोखर गेला असेल तर तो कशाने गेला, हे कळल्याशिवाय दुसरा बसवू नये. इंजेक्टर किंवा ईजीआर व्हॉल्व्हची कॉइल शॉर्ट असेल तर नवी पेटीही त्याच वाटेने जाईल. बॅटरी उलटी जोडणे, ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप देणे, बॅटरी आणि ईसीएम न सोडविता हौद्याला वेल्डिंग करणे, ही आपल्याकडील नेहमीची कारणे आहेत.

पेटीवरील पूर्ण नंबर लिहून घ्यावा. बॉशच्या डिझेल ईसीएमचा नंबर ०२८१ ने सुरू होतो, पण पुढचे आकडेही तंतोतंत जुळले पाहिजेत. कपलर बसला म्हणजे ईसीएम जुळला, असे नाही. चावीत चिप असलेल्या गाडीत नव्या ईसीएमला त्या चावीची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर सेल्फ फिरतो पण इंजिन पेट घेत नाही. अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर अक्षरे व आकडे यांचा एक कोड कोरलेला असतो. तो त्या त्या सिलिंडरच्या जागी भरावा लागतो. तो न भरल्यास इंजिन थडथडते व धूर देते. हे कोड इंजेक्टरवरून आधीच वहीत उतरवून ठेवावेत.

जुनी पेटी वाचता येण्याजोगी असेल तर त्याच नंबरच्या दुसऱ्या पेटीत तिचा सगळा डेटा उतरविता येतो. जुन्या गाडीसाठी हा मार्ग मला अधिक परवडणारा वाटतो, कारण चावी व इंजेक्टर यांचे कोड त्याबरोबरच येतात. नुसते कार्ड दुरुस्त करून देणारे कारागीरही शहरांत आहेत. त्यांच्याकडून लेखी हमी घ्यावी. डेटा भरतानाच "इंजिनाची ताकद वाढवून देतो" असे कोणी म्हटले तर नम्रपणे नको म्हणावे. जुन्या क्लचला आणि टर्बोला ते सोसत नाही.

प्रत्यक्ष काम करताना स्कॅनरवरील कोड आधी लिहून घ्यावेत, चावी बंद करून काही मिनिटे थांबावे व बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम काढावी. जोडताना तीच शेवटी लावावी. कपलरच्या पिना वाकल्या आहेत का, हिरव्या पडल्या आहेत का, ते पाहावे. त्या पॉलिश पेपरने न घासता कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ कराव्यात. डेटा भरत असताना बॅटरीला चार्जर लावून ठेवावा, कारण मध्येच वीज पडली तर नवी पेटी निकामी होऊ शकते.

गाडी चालू झाल्यावर लगेच भाडे भरू नये. वीस-पंचवीस किलोमीटर रिकामी फिरवून पुन्हा स्कॅनर लावावा आणि एखादा कोड परत आला आहे का ते पाहावे. जुना ईसीएम मात्र गॅरेजमध्ये सोडू नये. बिलासह घरी आणून कोरड्या जागी ठेवावा. पुढे डेटा किंवा नंबर लागला तर त्याच्यावरूनच मिळतो.