ओसाकाची भाऊबंदकी, तळहातावर

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये दोन तट असत. एक ‘स्ट्रीट फायटर’वाल्यांचा, दुसरा ‘किंग ऑफ फायटर्स’वाल्यांचा. पहिल्यातला रियू भारी की दुसऱ्यातला क्यो, यावर तासन्‌तास वाद व्हायचे आणि निकाल कधीच लागायचा नाही. लागणार कसा? पहिला खेळ कॅपकॉम कंपनीचा, दुसरा एसएनके कंपनीचा. एकीचा पहिलवान दुसरीच्या आखाड्यात उतरतच नसे. आपल्याकडच्या पार्लरमध्येही ‘किंग ऑफ फायटर्स ९७’च्या मशीनभोवती पोरांचं कोंडाळं असायचं, त्यामुळे हा वाद आपल्यालाही परका नाही.

तो मैदानात सोडवायची सोय पहिल्यांदा झाली १९९९च्या अखेरीस, आणि तीही खिशात मावणाऱ्या एका यंत्रावर. यंत्राचं नाव निओ जिओ पॉकेट कलर. खेळाचं नाव ‘एसएनके व्हर्सेस कॅपकॉम : मॅच ऑफ द मिलेनियम’. हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्रांवर याच्या तोडीचा मारामारीचा खेळ मला दुसरा दिसत नाही. तरी तो पाहिला फार थोड्यांनी.

दोन्ही कंपन्या जपानच्या ओसाका भागातल्या, आणि त्यांचं वैर म्हणजे शुद्ध भाऊबंदकी. १९८७चा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ दिग्दर्शित करणारे ताकाशी निशियामा पुढे कॅपकॉम सोडून एसएनकेत गेले आणि तिथे १९९१ साली ‘फॅटल फ्युरी’ उभा राहिला. पुढच्याच वर्षी एसएनकेचा ‘आर्ट ऑफ फायटिंग’ आला. त्याचा नायक रियो साकाझाकी कराटेवाला, केशरी पोशाखातला. त्याला पाहताच ‘स्ट्रीट फायटर’मधले रियू आणि केन आठवावेत, असाच घडवलेला. कॅपकॉमने १९९५च्या ‘स्ट्रीट फायटर अल्फा’त याची परतफेड केली. डॅन हिबिकी नावाचा गडी आणला. गुलाबी पोशाख, मागे बांधलेले केस, रियोच्या घराण्याचे डाव, आणि हातातून सोडलेला ऊर्जेचा गोळा हातभर जाऊन विझणारा. ‘मॅच ऑफ द मिलेनियम’मध्ये रियो आणि डॅन दोघेही आहेत. ज्याची नक्कल केली तो आणि नक्कल, एकाच आखाड्यात! हा योग जुळवणाऱ्यांचं दोन्ही घराण्यांवर मनापासून प्रेम होतं, हे पहिल्या लढतीतच कळतं.

एकूण २६ लढवय्ये, प्रत्येक बाजूचे १३. त्यांतले १८ सुरुवातीपासून हाताशी, उरलेले खेळत खेळत मिळवायचे. एसएनकेचा तलवारबाज हाओमारू कॅपकॉमच्या चुन-लीसमोर उभा राहतो, ससाणा घेऊन आलेली एसएनकेची नाकोरुरू कॅपकॉमच्या गाइलशी भिडते.

पण खरी कमाल अंगठ्याखाली आहे. या खेळांतला सगळ्यात ओळखीचा डाव म्हणजे रियूचा हादोकेन. तो मारायला आधी खाली, मग खाली-पुढे तिरकं, मग पुढे, असा पाव वर्तुळ अंगठा फिरवून ठोसा द्यायचा. यात मधली तिरकी दिशा निसटली की डाव फसलाच. गेमबॉय या प्रतिस्पर्धी यंत्रावर अधिकाच्या चिन्हासारखी कळ होती. तिच्यावर नेमकी हीच तिरकी दिशा निसटायची आणि अंगठ्याला वळ पडायचे. निओ जिओ पॉकेटवर एसएनकेने आठही दिशांना वळणारी छोटी दांडी बसवली. तिच्याखाली सूक्ष्म स्विच होते. प्रत्येक दिशेला ‘टिक’ असा बारीक आवाज येई आणि बोटाला धक्का जाणवे. त्यामुळे पडद्याकडे न बघताही अंगठ्याला कळायचं, तिरकी दिशा लागली. पार्लरच्या दांडीची सवय असलेल्या हाताला ती लगेच आपली वाटली.

बटणं मात्र दोनच. ‘स्ट्रीट फायटर’च्या मोठ्या यंत्रावर सहा, एसएनकेच्या यंत्रांवर चार. इथे एक बटण हाताचं, एक पायाचं. हलकेच टिचकी मारली तर हलका फटका, दाबून धरलं तर जोरदार. वाचताना ही तडजोड वाटेल, पण चार लढतींनंतर बोट आपोआप जोर मोजायला लागतं.

पडदा आडवा १६० आणि उभा १५२ ठिपक्यांचा, आणि मागून उजेड नाही. दिव्याखाली किंवा खिडकीत बसून खेळायचं. चित्रं आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांची, आणि प्रत्येक तुकड्यात जेमतेम तीन रंग. एवढ्यात मोठ्या माणसाचं बांधेसूद शरीर काढलं तर चेहरा हरवतो. म्हणून इथे सगळ्यांची डोकी मोठी आणि धड बुटकं आहे. डोळे, भुवया आणि मुठी ठळक, म्हणून कोण चिडलंय, कोण मार खाऊन भेलकांडतंय, हे इवल्या पडद्यावरही स्वच्छ दिसतं.

एकास एक, जोडी किंवा तिघांचा संघ, असं हवं तसं लढता येतं. केबल जोडली की समोर दुसरा माणूस. शिवाय ‘ऑलिम्पिक’ नावाचा छोट्या खेळांचा विभाग आहे. त्यात मिळवलेल्या गुणांवर आपल्या लढवय्यासाठी नवे डाव घेता येतात. एकट्याने खेळणाऱ्यालाही परत परत बोलावणारी ही योजना मला फार आवडते.

मग हा खेळ मागे का पडला? त्यात उणं काही नव्हतं, एसएनकेचं घरच बुडत होतं. निओ जिओ पॉकेट कलर अमेरिकेत १९९९च्या ऑगस्टमध्ये आलं, तेव्हा तिकडची मुलं गेमबॉयवर पोकेमॉनमध्ये बुडालेली. २०००च्या सुरुवातीला एसएनके अरुझे या कंपनीच्या हाती गेली आणि जूनमध्ये अमेरिका-युरोपातून गाशा गुंडाळला गेला. वर्षभरही दुकान चाललं नाही. २००१मध्ये एसएनके दिवाळखोरीत निघाली. दरम्यान २००० साली कॅपकॉमने पार्लरच्या मोठ्या पडद्यावर ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके’ आणला. आज दोघांच्या झुंजीचा विषय निघाला की बहुतेकांना तोच आठवतो.

२०२१मध्ये हा खेळ निन्टेंडो स्विचवर पुन्हा आला, त्यामुळे तो मिळवणं आता अवघड नाही. पडद्याला उजेड आहे, एकाच यंत्रावर दोघांना खेळता येतं. फक्त अंगठ्याखालची ती ‘टिक’ नाही. ज्यांनी कधीच खेळला नसेल, त्यांनी पहिली लढत रियो आणि डॅनची लावावी. आपण डॅन व्हावं. गोळा सोडावा, तो हातभर जाऊन विझेल. मग तसेच पुढे सरकत रियोच्या अगदी अंगाशी जावं आणि पुन्हा सोडावा.