आवाजात आवाज मिळवला तर...

एका आवाजात दुसरा आवाज मिळवला तर गोंगाट वाढेल, असेच तुम्ही म्हणाल. पण कधीकधी उत्तर ‘शांतता’ असे येते! खोटे वाटते? मग शाळेच्या प्रयोगशाळेतून एक नादकाटा मागून घ्या.

त्याची भुजा बुटाच्या रबरी टाचेवर हलकेच आपटा (टेबलाच्या कडेवर नको, काटा बिघडतो). काटा कानाजवळ उभा धरून दांडा बोटांत सावकाश फिरवा. पंखा मात्र बंद हवा. एका पूर्ण फेरीत आवाज चार वेळा मोठा होतो आणि चार वेळा जवळजवळ नाहीसा होतो.

असे का व्हावे? काट्याच्या दोन्ही भुजा एकाच वेळी बाहेर जातात व एकाच वेळी आत येतात. बाहेर जाताना त्या बाहेरची हवा दाबतात. तेथे संपीडन होते. त्याच क्षणी मधल्या फटीतील हवा विरळ होते. तेथे विरलन होते. तिरप्या दिशांना ही दोन्ही सारख्याच प्रमाणात पोहोचतात. एक हवा दाबू पाहते, दुसरे ती सैल करू पाहते. मग कानाच्या पडद्याने हलावे तरी कसे? हेच ध्वनितरंगांचे व्यतिकरण.

पण हे खरे कशावरून? जाड कागदाची नळी करा. आवाज नाहीसा होतो त्या जागी काटा स्थिर धरा आणि मित्राला ती नळी एका भुजेवर, स्पर्श होऊ न देता, सरकवायला सांगा. आवाज परत येतो! भुजा झाकल्यावर आवाज वाढावा, ही गंमत प्रत्येकाने स्वतःच्या कानांनी ऐकायलाच हवी.

घरी तंबोरा असेल तर आणखी एक प्रयोग. मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एका स्वरात असतात. त्यांतली एक किंचित बेसूर करून दोन्ही एकदम छेडा. आवाज झोके घेऊ लागेल. हे विस्पंद. एका तारेची सेकंदाला २५६ कंपने आणि दुसरीची २५८ असतील, तर सेकंदाला २ विस्पंद. बेसूर तार कोणती बाजू घेऊन आहे, चढी की उतरलेली, हे नुसते झोके मोजून कळत नाही. ती आणखी थोडी चढवा: झोके संथ झाले तर ती उतरलेली होती, जलद झाले तर चढी.