पूर्व भागातले ‘मद्रासी’

सोलापूरच्या पूर्व भागात घराघरांतून तेलुगू ऐकू येते. बाहेरगावचे पाहुणे तिथल्या विणकरांना सर्रास ‘मद्रासी’ म्हणतात, आणि त्यांच्या घरी रोज इडली-डोसाच होत असणार असे धरून चालतात. चादर सोलापुरी, विणणारा मात्र मद्रासी! मला हे नाव खटकते ते केवळ हेटाळणीमुळे नव्हे. इतिहासाच्या दृष्टीनेही ते चूक आहे.

इथली पद्मशाली घराणी मुख्यतः तेलंगणातून आली. तो मुलूख मद्रास इलाख्यात नव्हता, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आणि सोलापूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवरचे तुळजापूरही १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होते. म्हणजे करीमनगरचा विणकर आणि तुळजाभवानीचा भोपे एकाच निजामाचे प्रजाजन. त्या दोघांना परमुलखातले कोणी असतील, तर मुंबई इलाख्यातले आम्ही सोलापूरकर. संस्थानाची भाषावार वाटणी झाली ती १९५६ मध्ये. आज ज्या सीमेवरून आपण ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ ठरवतो, तिचे वय एवढेच.

ताटाचेही तसेच. तेलंगणातल्या कोरडवाहू भागाचे जुने अन्न म्हणजे जोन्न रोट्टे, अर्थात ज्वारीची भाकरी. आपण जोंधळा म्हणतो, अक्कलकोटकडचे कन्नड भाषक जोळ म्हणतात, तेलुगू भाषक जोन्नलु. सोलापुरात नवरात्राच्या दिवसांत एका गल्लीत घट बसलेले असतात, तर पलीकडच्या गल्लीत तेलुगू बायका फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात. झेंडू दोन्हीकडे लागतो.