थंड देशांतील निशिगंध



आमच्या खडवलीस निशिगंधाचें फारसें अप्रूप नाहीं. उन्हाळ्याच्या अखेरीस उंचवट्यावर कंद लावावे, पावसाचें पाणी मुळाशीं सांचूं देऊं नये, एवढी काळजी घेतली कीं पुढें छड्या येऊं लागतात आणि सायंकाळीं सारी ओटी दरवळते. त्यामुळें इंग्लंडांत संसार करणाऱ्या माझ्या मुलीनें, "अण्णा, येथल्या हिंवाळ्यांत निशिगंधाचे कंद कसे राखावे?" असें विचारलें, तेव्हां मीं मास्तरी थाटांत तत्काळ उत्तर दिलें. ट्यूलिपचे कंद फ्रीजमध्यें ठेवतात, हें मीं कोठेंसें वाचलें होतें. "कंद तेवढे सारखेच, तूंही तसेंच कर," असें मीं सांगितलें. मुलीनें आज्ञा पाळली. मार्चांत पाहते तों सर्व कंद मऊ पडून कुजलेले! चूक सर्वस्वीं माझी होती. ती कां झाली, तेंच आज सांगणार आहें.

कंद म्हणजे झाडानें वाईट दिवसांसाठीं बांधलेली शिदोरी. परंतु वाईट दिवस कोणते, हें ज्याच्या त्याच्या मायभूमीवर अवलंबून असतें. रानटी ट्यूलिप मध्य आशियांतील डोंगराळ मुलखांत वाढतो. तेथें हिंवाळा कडक. म्हणून १२ ते १६ आठवडे थंडी भोगल्यावांचून त्याचा दांडा नीट वाढतच नाहीं. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. तेथील प्राचीन अझ्टेक लोक त्यास 'हाडाचें फूल' अशा अर्थाचें नांव देत. आधुनिक शास्त्रज्ञ तर त्यास घायपाताच्या वंशांत घालतात. त्याच्या देशीं हिंवाळा म्हणजे कोरडा काळ. त्याला विश्रांति हवी ती कोरडेपणाची, गारठ्याची नव्हे. फ्रीजमध्यें ४-५ अंशांची थंडी आणि वर ओल. तेथें तो टिकावा कसा?

थंड देशांत त्यास असें वाढवावें. एप्रिलाच्या आरंभीं, पाणी चटकन निथळेल अशा मातीच्या कुंडींत सुमारें ५ सेंटिमीटर खोल कंद लावून कुंडी घरांत उबेच्या जागीं, साधारण २० अंश सेल्सिअसमध्यें, ठेवावी. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानें द्यावें. पानें वाढूं लागलीं कीं सढळ हातानें द्यावें. रात्रीं दंव गोठण्याची भीति सरली, म्हणजे जूनच्या आरंभीं, कुंडी दक्षिणेचें ऊन खाणाऱ्या भिंतीशीं न्यावी. लागणीपासून फूल यावयास चार महिने तरी लागतात. इतका उन्हाळा त्या देशांत मुश्किलीनें मिळतो, म्हणून आरंभ घरांत करावयाचा. ऑक्टोबरांत दंव गोठण्यापूर्वीं कुंडी आंत घ्यावी, पाणी तोडावें, पानें वाळूं द्यावीं. मग कंद काढून, सुकवून, कोरड्या भुशांत १५ ते २० अंशांच्या उबेंत ठेवावे.

आणखी दोन गोष्टी. एकदां फुललेला कंद पुनः फुलत नाहीं. त्याच्या भोंवतीं जीं पिलें धरतात तीं पोसलीं कीं पुढें फुलतात. आपल्याकडे याला एकदोन वर्षें पुरतात. थोड्या उन्हाच्या देशांत अधिक धीर हवा, नाहीं तर दरसाल नवे कंद विकत घ्यावे. दुसरें, प्रेमाच्या भरांत येथून सामानांत कंद बांधून देऊं नयेत. मातींतून रोग व कीड जाते. वनस्पति-आरोग्याच्या दाखल्यावांचून कंद नेण्यास तेथें मनाई आहे.

मुलीनें तेथेंच नवे कंद घेतले. या खेपेस मीं कांहीं सांगण्यापूर्वीं वाचून घेतलें. सहा कंदांतून एकच छडी उमलली, ती गणपतींच्या दिवसांत. दूरध्वनीवर नात म्हणाली, "आजोबा, जिन्यापर्यंत वास येतो आहे!" मास्तरकी केलेल्या मनुष्यास पुनर्परीक्षेंत उत्तीर्ण झाल्याचा आनंद या वयांत मिळाला, हें कांहीं थोडें नव्हे.