‘कर’ : एक शब्द की अनेक?

‘वाघोलीकर कर भरतात आणि टँकरची वाट पाहतात.’ या साध्या वाक्यात ‘कर’ हा ध्वनिसमूह तीनदा आला आहे. उच्चार तिन्ही ठिकाणी सारखा. पण तिन्हींचे कूळ निराळे. रूपसाम्य दिसताच एकच मूळ कल्पिण्याचा मोह अभ्यासकांनाही आवरत नाही. म्हणून या दोन अक्षरांची कुळकथा येथे तपासून पाहण्याचे योजिले आहे.

प्रथम ‘करणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप ‘कर’ घेऊ. हे संस्कृत ‘कृ’ धातूपासून प्राकृतामार्गे मराठीत आले. क हा शब्दारंभी असल्याने टिकला. ‘हात’ या अर्थाचा ‘कर’ही त्याच धातूचा, कार्य करणारा तो कर. परंतु मराठीचा घरचा शब्द ‘हात’ असून तो ‘हस्त’पासून आला आहे. ‘करकमल’, ‘करतल’ हे शब्द ग्रंथांतून आले. म्हणजे धातू एक असूनही एक रूप लोकमुखातून आले, दुसरे पोथीतून.

राजाला द्यावयाचा ‘कर’ मात्र परंपरागत व्युत्पत्तीनुसार ‘कॄ’ म्हणजे विखुरणे या निराळ्या धातूचा. ‘किरण’ हाही त्याच धातूचा शब्द. म्हणूनच सूर्याचे कर आणि राजाचे कर यांवर संस्कृत कवींनी श्लेष साधले. रुद्रदामनाच्या इ. स. १५०च्या सुमाराच्या जुनागढ शिलालेखात प्रजेला कर, विष्टी व प्रणय यांचा जाच न देता धरण बांधल्याचा उल्लेख आहे. मराठी खेड्याच्या बोलण्यात मात्र सारा आणि पट्टी हे शब्द रुळले. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली, तेव्हा ग्रामपंचायतीच्या ‘घरपट्टी’च्या जागी ‘मिळकतकर’ आला. कारभाराबरोबर शब्दही बदलला.

आता ‘वाघोलीकर’, ‘पुणेकर’, ‘सातारकर’ यांतील प्रत्यय पाहू. सुवर्णकार, कुंभकार, लोहकार यांचे मराठीत सोनार, कुंभार, लोहार झाले. दोन स्वरांमधला क प्राकृतात लोपला. ‘पुणेकर’मधील प्रत्यय तितकाच जुना असता, तर त्याचाही क उरला नसता. तो उरला आहे. यावरून हा लोप घडून गेल्यानंतर तो ग्रामनामांना जोडला गेला असावा, असे अनुमान निघते. कोकणीत हाच प्रत्यय दीर्घ स्वराने येतो : ‘गोंयकार’. गोव्यातील गांवकारांच्या रूढींची पोर्तुगीज सनद १५२६ची आहे. या दीर्घ रूपावरून ‘-कार’ म्हणजे करणारा याच्याशी त्याचे नाते सूचित होते. अर्थ मात्र ‘करणारा’वरून ‘राहणारा’ असा सरकला आहे.

याउलट काही शब्दांत ‘कर’ हा केवळ योगायोग आहे. ‘लष्कर’ हा फारसी शब्द. ‘नोकर’ही फारसीतूनच आला, पण त्याचे मूळ मंगोल भाषेतील ‘सोबती’ या अर्थाच्या शब्दात आहे. ‘टँकर’ची फोड ‘टँक’ अधिक इंग्रजी कर्तृवाचक प्रत्यय अशी होते. तेथे क एका घटकाचा व र दुसऱ्याचा. गंमत अशी की, त्या ‘टँक’मागे पोर्तुगीज शब्दाबरोबर गुजराती-मराठीतील ‘टाके’ही असावे, असे इंग्रजी कोशकार मानतात. घरचाच शब्द परदेशी जाऊन पाण्याची गाडी घेऊन परतला म्हणावयाचा!

राहिली ‘संक्रांतीची कर’. येथे लिंगच बदलते : तो कर, पण ती कर. सणाच्या दुसऱ्या दिवसाचे हे नाव. देवीने किंकर दैत्याला मारल्याची कथा त्या दिवसाशी जोडली जाते. ती त्या दिवसाचे महत्त्व सांगते; शब्दाची व्युत्पत्ती म्हणून तिचा आधार घेता येत नाही.

या विवेचनातून तीन कसोट्या हाती येतात. ध्वनिनियम काय सांगतो? शब्दाचे लिंग, रूपे व जागा कोणती? तो भाषेत कोणत्या वाटेने आला? या तिन्हींचे उत्तर मिळाल्यावाचून दोन अर्थ एका नोंदीखाली घालणे म्हणजे परक्या घराण्यांना एका आडनावाने बांधणे होय. कोशात एकदा अशी चूक शिरली की पुढील प्रबंध ती आधार म्हणून उद्धृत करतात आणि ती ज्ञान म्हणून मिरवू लागते. म्हणून कोशकाराने किमान पाच नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात : क्रियापद, हात, राजदेय, प्रत्यय आणि सणाचा दुसरा दिवस. ‘नोकर’ आणि ‘टँकर’ यांना त्यांपैकी कोणत्याही नोंदीत जागा नाही.